फुलपुडी उघडल्यानंतर: मनासाठी फुलांचा उपयोग कसा करावा

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत असंख्य घरांच्या दाराला रोज पहाटे फुलपुडी अडकवलेली असते. पुडी सुटते, फुले देवघरात जातात, पूजा आटोपते आणि दुसऱ्या दिवशी तीच फुले निर्माल्याच्या पिशवीत पडतात. मधल्या चोवीस तासांत घरातल्या किती माणसांनी त्या फुलांकडे नीट पाहिले, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर देणे अवघड जाईल. फुलांनी मन प्रसन्न होते हे सगळेच म्हणतात; पण फूल घरात आले एवढ्याने ते घडत नाही. ते डोळ्यांना दिसले पाहिजे, नाकापर्यंत पोहोचले पाहिजे आणि जमल्यास हाताखालून गेले पाहिजे. त्यासाठी जास्त फुले आणण्याची गरज नाही. आहेत तीच घरातल्या माणसांच्या वाटेत यावीत, एवढी व्यवस्था पुरते. ती व्यवस्था कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

परिणाम होतो तो कसा

फुलांचा मनावर परिणाम होतो याला पुरावा आहे, मात्र तो किती आणि कशाचा, हे समजून घेतले म्हणजे अपेक्षा योग्य राहतात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट हॅविलँड-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात काही स्त्रियांना पुष्पगुच्छ आणि काहींना इतर भेटवस्तू देण्यात आल्या. पुष्पगुच्छ हाती आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत पोहोचणारे, म्हणजे ठरवून आणता न येणारे हसू उमटले आणि तीन दिवसांनंतरही त्यांची मनःस्थिती अधिक प्रसन्न असल्याचे दिसले. दुसऱ्या प्रयोगात लिफ्टमध्ये अनोळखी व्यक्तींना एकेक फूल देण्यात आले. ज्यांना ते मिळाले ती माणसे इतरांपेक्षा मोकळेपणाने वागली. तिसरा प्रयोग ५५ वर्षांवरील व्यक्तींवर होता. फुले मिळाल्यावर त्यांची मनःस्थिती तर सुधारलीच, शिवाय घडलेले प्रसंग आठवण्याच्या चाचणीतही त्यांची कामगिरी सरस ठरली. या संशोधनाला तेथील फूलविक्रेत्यांच्या संघटनेचे साहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, परंतु फुलांना औषध म्हणून खपवणाऱ्या जाहिरातींकडे थोडे सावधपणे पाहावे.

जपानमधील चिबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयात काम करणाऱ्या ३१ पुरुषांना गंध नसलेली गुलाबी गुलाबाची फुले केवळ ४ मिनिटे पाहायला दिली होती. हृदयाच्या ठोक्यांमधील बदल मोजल्यावर शरीराला विसावा देणाऱ्या मज्जासंस्थेचे काम वाढलेले आढळले. येथे गंध नव्हता, भेट मिळाल्याचा आनंदही नव्हता. होते ते फक्त पाहणे. फुलांविषयीच्या लेखांत नेहमी उद्धृत होणारा रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास मात्र येथे बाजूला ठेवलेला बरा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, हे त्यातून निघाले खरे. पण तो अभ्यास झाडांचा आहे, फुलदाणीचा नाही.

गंधाची वाट वेगळी आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले आधी मेंदूतील थॅलॅमस या भागातून पुढे जाते. गंधाचा संदेश मात्र घ्राणकंद या वासाशी संबंधित भागातून भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांकडे थेट पोहोचतो. म्हणूनच बकुळीचा वास आला की फुलाचे नाव आठवण्याआधी आजोळचे अंगण आठवते. या वाटेमुळे दोन गोष्टी घडतात आणि घरात फुले कशी ठेवावीत याचे बहुतेक नियम त्यांतूनच निघतात. पहिली गोष्ट अशी की, एकाच गंधाचा परिणाम दोन माणसांवर सारखा होत नाही; एकाला निशिगंध म्हणजे लग्नघर वाटते, तर दुसऱ्याला अंत्यदर्शनाच्या वेळी आणलेले हार आठवतात. दुसरी गोष्ट अशी की, सतत येणाऱ्या गंधाची नाकाला काही मिनिटांत सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. खोलीभर दरवळणारा मोठा गुच्छ आणूनही तासाभराने काहीच वाटत नाही, याचे कारण हेच.

कोठे ठेवावीत

घरातील फुलांची नेहमीची जागा दिवाणखान्यातील टीपॉय ही असते आणि माझ्या मते ती सर्वांत वाया जाणारी जागा आहे. पाहुणे नसताना तेथे फारसे कोणी बसत नाही आणि बसले तरी नजर टीव्हीकडे असते. घरातील माणूस दिवसातून अनेकदा जेथे काही क्षण थांबतो अशी ठिकाणे शोधावीत: स्वयंपाकाच्या ओट्याचा शेगडीपासून लांबचा कोपरा, हात धुण्याच्या बेसिनची कड, अभ्यासाचे टेबल, चपला काढण्याच्या जागेवरची फळी. तेथे वाटीभर पाण्यात तरंगणारी चार फुले पुरतात. पूजेसाठी आलेल्या पुडीतून दोन-तीन फुले पूजेआधीच बाजूला काढून या वाटीत घालावीत. देवाला वाहिलेले फूल पुन्हा वापरणे अनेकांना रुचत नाही, म्हणून आधी बाजूला काढणे सोयीचे.

गंध असलेली फुले माणसाच्या कायमच्या बैठकीशेजारी ठेवू नयेत. ती जाण्या-येण्याच्या वाटेवर ठेवावीत. दाराजवळ मोगऱ्याची वाटी असली की बाहेरून येणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने वास येतो, कारण मधल्या वेळात नाक ती सवय विसरलेले असते. काही घरांत सोनचाफ्याचे फूल पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून झाकण लावून ठेवतात. ते पुष्कळ दिवस टिकते आणि सुंदर दिसते, पण सोनचाफ्याचा जीव ज्या गंधात आहे तो बाटलीतच राहतो. त्यापेक्षा एक फूल दाराजवळच्या फळीवर ठेवून ते एका दिवसात कोमेजू दिलेले मला अधिक पटते.

दिवसाच्या कोणत्या वेळी कोणते फूल

फुलांनाही स्वतःच्या वेळा असतात आणि त्या पाळल्या तर थोड्या फुलांत बरेच साधते. सकाळ रंगाची असते. झेंडू, जास्वंद, शेवंती आणि कर्दळ यांचा वास मोगऱ्यासारखा दरवळत नाही. पण उजेडात त्यांचा पिवळा, केशरी, लाल रंग लक्ष वेधून घेतो. सकाळी उठल्यावर जड वाटणाऱ्या व्यक्तीने पडदे उघडून, भरपूर उजेडात, अशा फुलांसमोर चहा घ्यावा. यात उजेडाचा वाटा फुलांपेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे, पण फुलांच्या निमित्ताने माणूस खिडकीशी जाऊन बसतो, हेही थोडे नाही.

संध्याकाळ गंधाची असते. मोगरा, जाई, जुई, निशिगंध आणि रातराणी ही बहुतेक पांढरी किंवा फिकट फुले दिवेलागणीच्या सुमारास उमलतात वा अधिक दरवळतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग अंधार पडल्यावर बाहेर पडतात. दुपारी आणलेल्या मोगऱ्याच्या घट्ट कळ्या ओल्या पातळ कापडावर पसरून ठेवल्या तर संध्याकाळी घरातच उमलतात. कार्यालयातून परतणाऱ्या माणसासाठी हा उपाय सोपा आणि स्वस्त आहे: घरी आल्यावर हातपाय धुवावेत, फोन बाजूला ठेवावा आणि कळ्या किती उघडल्या ते पाहावे, दोन-चार ओंजळीत घेऊन सावकाश श्वास घ्यावा. येथे सावकाश श्वास घेण्याला फुलाइतकेच महत्त्व आहे. वास घेताना आपण नकळत दीर्घ श्वास घेतो, आणि संथ दीर्घ श्वासाने शरीर शांत होते हे कोणत्याही प्राणायाम शिकवणाऱ्याला ठाऊक असते.

गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. प्राजक्त संध्याकाळी उमलतो आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो, त्यामुळे तो बाजारातून आणून त्याचा खरा उपयोग होत नाही. सोसायटीत किंवा शेजारी झाड असेल तर सकाळी लवकर उठून स्वतः वेचावा. ज्यांना सकाळी अंथरुणातून उठणेच नकोसे होते, त्यांना घरातील कोणीतरी फुले वेचायला सोबत न्यावे. वाकून वेचणे, परडी भरणे, ओल्या गवताचा स्पर्श होणे, हे सगळे मिळून जो परिणाम होतो तो आयत्या फुलांनी होत नाही.

वर्षभर एकाच फुलाचा आग्रह धरू नये. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, दसऱ्या-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती आणि कुंद असा क्रम ठेवला की सवय होऊन परिणाम बोथट होण्याचा प्रश्न आपोआप सुटतो आणि हंगामातील फुले स्वस्तही पडतात. सिंधुदुर्गात उन्हाळ्याच्या तोंडी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळतात, गोव्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या मंदिरात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होते. त्या भागांतील लोकांना वर्षातले ते काही दिवस नुसत्या वासाने ओळखू येतात. सणांच्या काळात मात्र दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात भाव चढतात, तेव्हा नेहमीचे फूल सोडून मिळेल ते आणावे; मनाला त्याने काही बाधा येत नाही.

टिकवण्याची रीत

कोमेजलेली फुले नजरेसमोर राहिली तर त्यांचा परिणाम उलटा होतो, म्हणून फुलदाणीची निगा हा या विषयाचाच भाग आहे. घरी आणल्यावर धारदार सुरीने देठ तिरपा कापावा; गुलाबाचा देठ पाण्यात बुडवून कापला तर देठात हवा शिरत नाही आणि फुलाची मान लवकर पडत नाही. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजतात आणि पाण्याला वास मारतो. पाणी रोज, किमान एक दिवसाआड बदलावे आणि त्या वेळी देठाचे टोक पुन्हा थोडे कापावे. जरबेऱ्याचा देठ लवकर सडतो, त्यामुळे त्याला उथळ पाणी ठेवावे. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते. खालची सुकलेली फुले रोज काढली तर काडी पुष्कळ दिवस चांगली दिसते. पंख्याचा थेट वारा, उन्हाची तिरीप आणि पिकणारी फळे यांपासून फुलदाणी दूर ठेवावी. केळी आणि आंबे पिकताना इथिलीन हा वायू सोडतात आणि त्यामुळे, विशेषतः कार्नेशनची, फुले अकाली मिटतात. आंब्याच्या दिवसांत हे बऱ्याच घरांत घडते आणि दोष फूलवाल्याला दिला जातो.

हातांना काम

गजरा विकत आणणे आणि गजरा ओवणे यांत मनाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. कळ्या निवडणे, देठ सारखे करणे, दोऱ्याची गाठ बसवणे ही कामे इतकी सोपी असतात की ताण येत नाही, आणि इतकी नाजूक असतात की लक्ष दुसरीकडे ठेवता येत नाही. विचारांचे चक्र थांबवायला असे काम उपयोगी पडते. गाठीची वेणी येत नसेल तर सुई-दोऱ्याने ओवावे. पावशेर मोगरा घेऊन बसले की अर्धा-पाऊण तास सहज जातो. घरात दोघे-तिघे असतील तर एकत्र बसावे. समोरासमोर बसून बोलणे ज्या मुलांना किंवा पुरुषांना जमत नाही, ते हातांना काम असले की बोलू लागतात. ओवण्याचे काम केवळ बायकांचे मानण्याची सवय या निमित्ताने मोडली तर उत्तमच.

दुसऱ्यासाठी फुले नेताना

ज्येष्ठांसाठी फुले नेताना मोठ्या गुच्छापेक्षा ओळखीचे एकच फूल न्यावे आणि ते हातात द्यावे. वय वाढते तशी वासाची क्षमता कमी होते, त्यामुळे टेबलावरच्या फुलांचा गंध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हातात दिलेले फूल ते नाकाशी नेतात, त्याचा स्पर्श घेतात आणि बहुधा एखादी जुनी हकीकत सांगू लागतात. ती ऐकायला आपल्यापाशी वेळ असावा. फूल देऊन लगेच निघायचे असेल तर निम्मा उपयोग गेलाच. विस्मरणाचा विकार असलेल्या व्यक्तीला "हे कोणते फूल?" असे परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये. "तुमच्या दारात अबोली होती ना?" असे म्हटल्याने बोलण्याला वाट मिळते.

रुग्णाकडे जाताना आधी विचारावे. अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी फुलांना परवानगी नसते आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाजवळ फुलदाणीचे साचलेले पाणी व कुंडीतील माती नसावी. वॉर्डात चालणार असेल तर उग्र वासाची फुले टाळावीत, कारण औषधांमुळे मळमळत असते आणि शेजारच्या खाटेवरही कोणीतरी असते. परवानगी नसेल तर रुग्ण घरी आल्यानंतर फुले न्यावीत. तोवर भेटायला येणारे थांबलेले असतात आणि एकटेपणा तेव्हाच अधिक जाणवतो.

शोकात असलेल्या घरी जाताना हाराची फुले पुन्हा नेऊ नयेत. दिवसकार्य झाल्यानंतर काही आठवड्यांनी, गेलेल्या व्यक्तीच्या आवडीचे फूल घेऊन जावे आणि तसे सांगून द्यावे. त्याने समोरच्याला रडू आले तरी गडबडून जाऊ नये. फुले माणसाला हसवण्यासाठीच असतात असे नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. आपल्या समाजात पती गेल्यावर स्त्रीच्या केसांतील गजरा पिढ्यान्‌पिढ्या काढून घेतला गेला. ज्या काळात तिला थोडा दिलासा हवा असतो, नेमक्या त्याच काळात रंग, गंध आणि फुले तिच्या वाट्यातून वगळली जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. ठरावाची वाट न पाहता घरात करता येण्यासारखे असे आहे की, हळदीकुंकवाला किंवा मंगलकार्यात गजरे वाटताना आई, काकू, आत्या यांच्यापुढेही ताट तितक्याच सहजपणे धरावे. नको म्हटले तर आग्रह करू नये, पण पुढच्या वेळी पुन्हा धरावे.

कोठे जपावे

अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना रातराणी, केवडा किंवा निशिगंधाच्या उग्र वासाने डोके उठू शकते. अशा घरात रंगाची फुले ठेवावीत आणि झोपण्याच्या खोलीत गंधाची फुले रात्रभर ठेवू नयेत. गाजरगवताने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते, त्यांनी शेवंती हाताळताना काळजी घ्यावी, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. कण्हेर विषारी आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नये. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये. तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. बाजारातील गुलाबांवर कीटकनाशके फवारलेली असतात, त्यामुळे त्यांच्या पाकळ्या खाण्यात किंवा सरबतात वापरू नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

फुलांची मर्यादाही ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणारी फुलेसुद्धा पाहाविशी वाटत नसतील, तर गुच्छ आणून वेळ काढू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे. फुले उपचारांच्या सोबत चालतात, त्यांच्या जागी चालत नाहीत.

कुंडीत लावायचे असेल तर

बाल्कनीत रोज पाच-सहा तास ऊन येत असेल तर मोगरा लावावा. थंडीच्या अखेरीस त्याची छाटणी केली आणि शेणखत घातले की उन्हाळ्यात कळ्या भरतात. ऊन कमी असेल तर मोगऱ्याच्या मागे लागू नये. पाने वाढतात, फूल येत नाही आणि रोज तेवढी निराशा होते. ज्यांना झाडांची सवय नाही त्यांनी सदाफुलीपासून आरंभ करावा, ती फारशा निगेशिवाय बारमाही फुलते. थंड देशांत राहणाऱ्यांनी मोगऱ्याची कुंडी हिवाळ्यात घरात, उन्हाच्या खिडकीशी घ्यावी. गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही.

कोमेजलेली फुले त्याच दिवशी उचलावीत. नदीत किंवा विहिरीत सोडू नयेत. हारातील दोरा, तार आणि चमकी काढून पाकळ्या कुंडीच्या मातीत मिसळाव्यात किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकाव्यात. झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्या लवकर कुजतात, निशिगंधाच्या आणि गुलाबाच्या काड्यांना वेळ लागतो, म्हणून त्या कात्रीने बोटभर लांबीच्या करून घालाव्यात.